इंग्रजीतला 'लीच': आधी वैद्य की आधी जळू?

शब्दवेध
इंग्रजीत 'लीच' म्हणजे जळू, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ वैद्य असा होता. तेव्हाचं रूप 'लॅचे'. वैद्यकीला 'लीचक्राफ्ट' आणि उपचारांच्या पोथीला 'लीचबुक' म्हणत. शेक्सपिअरच्या 'टायमन ऑफ अथेन्स' या नाटकाच्या शेवटच्या ओळींतही 'लीच' येतो तो वैद्य म्हणूनच. इंग्रजांमधलं 'लीच' हे आडनावही त्यातूनच आलंय.

आता हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले? याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिलं : वैद्य जळवा लावायचे, म्हणून लोक वैद्यालाच जळू म्हणू लागले. दुसरं : जळू माणसाला बरं करते, म्हणून तिला 'वैद्य' हे नाव मिळालं.

माझ्या मते पहिलं साफ चूक आहे आणि दुसऱ्याबद्दलही शंका घ्यायला चांगली जागा आहे. जाणकारांनी लिहावं.

निंबोणी
पहिलं उत्तर तर कितीतरी ठिकाणी छापलेलं दिसतं. ते साफ चूक कशावरून म्हणता?

शब्दवेध
निंबोणी, शेजारच्या भाषांवरून. हा शब्द एकट्या इंग्रजीचा नाही, जर्मानिक भाषांचं सगळं कुटुंबच तो वापरतं. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या, चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये 'वैद्या, आधी स्वतःला बरं कर' हे वाक्य आहे, त्यात वैद्याला 'लेकीस' याच शब्दाने हाक मारली आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'लॅकनिर', आजच्या स्वीडिशमध्ये 'लॅकारे'. स्वीडिशमधून तो फिनिशमध्ये गेला आणि 'लॅकॅरी' झाला. स्लाव्ह भाषांनीही तो जर्मानिककडून फार पूर्वी उचलला : पोलिशमध्ये डॉक्टर म्हणजे 'लेकाश', आणि रशियनमध्ये औषधाला 'लेकार्स्त्वो'.

यातल्या एकाही भाषेत या शब्दाचा अर्थ जळू होत नाही. जळूवरून वैद्य असा प्रवास झाला असता तर जळूचा अर्थ आधीचा ठरला असता आणि यातल्या कुठल्या तरी भाषेत तो उरला असता. म्हणजे वैद्य हा अर्थ जुना आणि पक्का. जळूचं दुखणं फक्त इंग्रजीला आहे.

रेघोट्या
जळूचं दुखणं इंग्रजीला आणि औषध रशियनला :)

अनुस्वार
मग दुसऱ्या उत्तराला काय हरकत आहे? जुन्या इंग्रजीच्या शब्दसंग्रहांत लॅटिन 'सँग्विसुगा'च्या, म्हणजे जळूच्या, पुढे 'लॅचे' लिहिलेलं सापडतं. शब्द हाताशी होता, प्राणी उपचारात वापरला जात होता. 'बरं करणारी' म्हणून तिला वैद्याचं नाव देणं अगदी स्वाभाविक आहे.

उकार
अनुस्वार, अर्थ जुळतो. घोटाळा स्वराचा आहे.

मध्ययुगीन डचमध्ये जळूला 'लीके' म्हणत. हा इंग्रजी जळूचा सख्खा भाऊ दिसतो. आता डच आणि इंग्रजी स्वरांचं नातं पाहा. ज्या मूळ दीर्घ 'ए'चा इंग्रजीत 'ई' होतो, त्याचा डचमध्ये 'आ' होतो : झोपायला इंग्रजी 'स्लीप', डच 'स्लापन', कृत्याला इंग्रजी 'डीड', डच 'दाद'. वैद्यवाल्या शब्दातला स्वर याच गटातला आहे, म्हणून त्याचं डच रूप 'आ' घेऊन यायला हवं. पण जळूच्या 'लीके' या डच नावात 'आ' नाही, 'ई' आहे. आणि डच 'ई' येतो तो दुसऱ्याच गटातून. उदाहरणार्थ खोल या अर्थी इंग्रजी 'डीप', डच 'दीप'.

तेव्हा इंग्रजीत आज दोन्ही 'लीच' सारखेच ऐकू येतात, पण डच आरशात पाहिलं की ते वेगवेगळ्या घरचे निघतात. इंग्लंडच्या केंट भागातल्या जुन्या लिखाणात जळूसाठी 'ल्युचे' असं निराळं रूपही सापडतं.

अनुस्वार
डचचा मुद्दा मान्य. केंटचा मात्र एवढ्या विश्वासाने मांडू नका. केंटच्या बोलीत 'यु' आणि 'ए' हे दोन स्वर एकमेकांत मिसळले होते आणि लेखनिक एकाच्या जागी दुसरं अक्षर सर्रास लिहीत. त्यामुळे 'ल्युचे' हा खरा वेगळा उच्चारही असेल किंवा 'लेचे'चं उलटं शुद्धलेखनही असेल. त्या एका रूपावर भार टाकता येत नाही.

उकार
बरोबर. केंट बाजूला ठेवू, डच 'लीके' एकटाही पुरेसा बोलका आहे.

निंबोणी
मूळचे दोन वेगळे शब्द होते असं धरलं, तर मग एक झाले कसे?

उकार
लोकांच्या कानांनी केले. एक शब्द 'लॅचे', वैद्य. दुसरा त्याच्या जवळपासच्या उच्चाराचा, जळू. बोलणाऱ्याला वाटतं की हे नक्की एकच असणार, कारण ती बरं करतेच की! मग तो उच्चारही नकळत सारखा करतो. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजीत दोन्ही 'लेचे' झाले, पुढे इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर वर सरकले तेव्हा दोन्ही मिळून 'लीच' झाले. म्हणजे शब्दवेध यांनी दिलेलं दुसरं उत्तर जन्मकथा म्हणून लंगडं आहे, पण या दोन शब्दांना एकत्र आणणारा समज म्हणून तेच खरं कारण आहे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

गलबत
यात तिसरा 'लीच' राहिला. शिडाची मागची कड म्हणजेही 'लीच'. त्रिकोणी शिडाला तीन कडा : पुढची 'लफ', खालची 'फूट', मागची 'लीच'. चौकोनी आडव्या शिडाला दोन्ही उभ्या कडा 'लीच'च. हा शब्द जुन्या उत्तर जर्मनमधल्या 'लीक'वरून आलाय, म्हणजे शिडाच्या काठाला शिवलेला दोर. जळूशीही संबंध नाही, वैद्याशीही नाही.

या कडेच्या दुमडीतून एक बारीक दोरी ओवलेली असते, ती 'लीचलाईन'. वाऱ्यात कड फडफडायला लागली की दोरी ओढायची, फडफड थांबली की लगेच तिथेच अडकवायची. जास्त ओढली तर कड आतल्या बाजूला आकड्यासारखी वळते, शिडाचा आकार बिघडतो आणि वेग पडतो. सैल ठेवली तर कड फडफडून कापड लवकर झिजतं.

क्षारपड
आणि चौथा, फक्त ऐकायला सारखा, लिहायला वेगळा. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर झिरपून खाली जाणं किंवा प्लास्टिकमधली रसायनं पाण्यात उतरणं, या 'लीच'ला इंग्रजीत मधे 'ए' अक्षर लागतं. तो जुन्या इंग्रजीतल्या 'ओलं करणे' या क्रियापदावरून आलाय. अहवालांत ही चूक सतत दिसते : रसायनं 'जळू लागली' असा अर्थ होईल असं शुद्धलेखन! लक्षात ठेवायला सोपं आहे. दोन 'ई' म्हणजे रक्त पिणारी किंवा दुसऱ्याच्या जिवावर जगणारी. 'ई' नंतर 'ए' म्हणजे पाण्यातून पाझरणं.

रेघोट्या
टोरेंटवर घेऊन पळणाऱ्याला 'लीचर' म्हणतात तो दोन 'ई'वाला ना?

क्षारपड
हो, दोन 'ई'वालाच. सगळं ओढून घ्यायचं आणि परत काही वाटायचं नाही.

तृणपर्ण
वैद्याच्या अर्थाचा एक सुंदर अवशेष आहे, तो नोंदवते. जुन्या इंग्रजीत अंगठीच्या बोटाला 'लॅचेफिंगर', म्हणजे वैद्याचं बोट म्हणत. लॅटिनमध्येही त्याचं एक नाव 'औषधाचं बोट' असंच होतं. जपानीत आजही ते 'कुसुरी-युबी' आहे, कुसुरी म्हणजे औषध. आपल्याकडे तेच बोट अनामिका, नाव नसलेलं.

निंबोणी
वा! मग इंग्रजीतून वैद्याचा अर्थ गेला कधी?

शब्दवेध
हळूहळू. फ्रेंचमधून 'फिजिशियन' आला, लॅटिनमधून 'डॉक्टर' आला, ज्याचा मूळ अर्थ शिकवणारा. शिकलेल्या वैद्याला हे नवे शब्द मिळाले आणि 'लीच' खाली घसरत गेला. शेवटी तो मुख्यतः 'हॉर्सलीच' म्हणजे घोड्यांचा वैद्य अशा जोडशब्दांत आणि मुद्दाम जुनाट भाषा वापरणाऱ्या कवितांत उरला.

पहिल्या उत्तराच्या विरोधात हाही एक पुरावा आहे. युरोपात जळवांचं खरं वेड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागलं. पॅरिसच्या ब्रूसे या डॉक्टरचं म्हणणं होतं की बहुतेक रोग आतल्या दाहाने होतात, आणि त्यावर उपाय म्हणजे जळवा. १८३३ साली एकट्या फ्रान्सने चार कोटींहून जास्त जळवा बाहेरून आणल्या. पण तोवर बोलत्या इंग्रजीतून 'लीच म्हणजे वैद्य' कधीच गेला होता. वेड नंतर आलं, शब्द आधीचा. त्या वेडाने हा शब्द घडवलेला असू शकत नाही.

धन्वंतरी_पुस्ती
शब्दाबद्दल खूप झालं, आता त्या जिवाबद्दलही थोडं नेमकं लिहितो, कारण 'रक्तपिपासू परजीवी' या चिकटवलेल्या अर्थात बरीच गफलत आहे.

औषधी जळूला लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये 'हिरुडो मेडिसिनॅलिस' हे नाव दिलं. गंमत म्हणजे औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जळवा प्रत्यक्षात तिच्या बहिणीच्या, 'हिरुडो व्हर्बाना'च्या निघाल्या, हे २००७ मध्ये डीएनए तपासणीने दाखवलं. तिला पाच जोड्या डोळे, दोन टोकांना दोन चूषक आणि पुढच्या चूषकात तीन जबडे असतात. प्रत्येक जबड्याच्या कडेला सुमारे शंभर बारीक दात. तीन जबडे तीन दिशांनी कापतात, म्हणून तिच्या चाव्याची खूण तीन फाट्यांची असते, मधून तीन रेषा फुटलेल्या. ती एकदा दिसली की दुसऱ्या कशाचा चावा वाटत नाही.

रक्त गोठू न देणारा पदार्थ तिच्या तोंडात असतो, हे हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवलं. पुढे त्याचं नाव 'हिरुडिन' पडलं, जळूच्या लॅटिन नावावरूनच. त्यामुळे ती सुटल्यावरही जखम काही तास पाझरत राहते. सुटेपर्यंत ती ५ ते १५ मिलिलिटर रक्त पिते.

आजही तिचा वापर आहे, पण अगदी मोजक्या ठिकाणी. तुटलेलं बोट किंवा कान परत जोडला की शुद्ध रक्त आत येतं, पण बारीक शिरा न जुळल्यामुळे अशुद्ध रक्त बाहेर जात नाही. भाग निळा-जांभळा पडून फुगतो. तिथे जळू तात्पुरती वाट काढून देते. १९६० मध्ये स्लोव्हेनियातल्या शल्यविशारदांनी आणि १९८५ मध्ये बोस्टनला एका लहान मुलाचा कान जोडताना हे केलं गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली.

निंबोणी
ती लावतात कशी? आणि चिकटलीच नाही तर?

धन्वंतरी_पुस्ती
त्वचा साध्या पाण्याने स्वच्छ करतात. साबण, स्पिरिट, मलम यांचा वास राहिला तर ती तोंड फिरवते. न चिकटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. मधे भोक पाडलेली जाळीची पट्टी ठेवतात, म्हणजे ती भलतीकडे सरकत नाही. तिचं निमुळतं टोक त्या भोकाशी धरतात. तरी चावली नाही तर सुईने टोचून रक्ताचा एक थेंब काढतात. साधारण अर्ध्या ते दीड तासात ती पोट भरून आपणहून गळून पडते. ओढून काढत नाहीत. एका रोग्यावर वापरलेली दुसऱ्याला लावत नाहीत, वापरून झाल्यावर अल्कोहोलमध्ये टाकतात. शिवाय तिच्या आतड्यात 'एरोमोनास' जातीचे जिवाणू असतात आणि त्यांचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून सोबत प्रतिजैविक देतात. रक्त पाझरत राहतं, त्यामुळे हिमोग्लोबिनही पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. हे सगळं रुग्णालयातच, घरी नाही.

गलबत
आणि चालताना नको असताना चिकटली तर मीठ टाकायचं, बरोबर?

धन्वंतरी_पुस्ती
नका टाकू. मीठ, चटका, तंबाखू, यांपैकी काहीही केलं की ती आकसते आणि पोटातलं जखमेत ओकू शकते. जिवाणूही त्याबरोबर येतात. आधी निमुळतं टोक ओळखा. त्याच्या शेजारची त्वचा एका हाताने ताणा, दुसऱ्या हाताचं नख त्वचेला चिकटवून चूषकाखाली आडवं सरकवा. पुढचं टोक सुटलं की लगेच मागच्या जाड टोकाखालीही तसंच करा, नाहीतर पुढचं परत धरतं. मग जखम साबण-पाण्याने धुऊन दाबून धरा.

आणि एक. सगळ्या जळवा रक्त पीत नाहीत. कितीतरी जाती गांडुळं, गोगलगायी, अळ्या खाऊन जगतात. त्या परजीवी नाहीत, शिकारी आहेत. इंग्रजीत त्यांनाही 'लीच'च म्हणतात.

अनुस्वार
'पॅरासाइट' शब्दही मूळचा जिवांचा नव्हे. ग्रीक 'पारासीतोस' म्हणजे दुसऱ्याच्या पानाशी बसून जेवणारा. 'पारा' शेजारी, 'सीतोस' धान्य, अन्न. ग्रीक विनोदी नाटकांत हे एक ठरलेलं पात्रच होतं, स्तुती करून जेवण मिळवणारं. जीवशास्त्राने तो शब्द खूप नंतर उचलला.

रेघोट्या
इतर भाषांत जळूला काय म्हणतात? तिथेही वैद्य आहे का?

उकार
नाही. बाकीच्यांनी जे दिसलं तेच नाव ठेवलं. लॅटिनमध्ये जुना शब्द 'हिरुडो'. रोमन लेखक प्लिनी लिहून ठेवतो की लोक तिला आता 'सँग्विसुगा' म्हणू लागलेत, म्हणजे रक्त शोषणारी. त्यातूनच फ्रेंच 'सांगस्यू', स्पॅनिश 'सांगिहुएला'. डच आज 'ब्लूडझाउखर' म्हणतात, तेही रक्तशोषीच. रशियन 'पियाव्का' पिण्याच्या क्रियापदावरून. आपल्या संस्कृत 'पा' धातूचाच तो नातेवाईक. अरबी 'अलक़' चिकटण्याच्या धातूवरून.

तृणपर्ण
मग आपल्या 'जळू'चंही पाहू या. मला वाटतं, या धाग्याच्या प्रश्नाचं हुबेहूब भावंड तिथे सापडतं.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय पूर्ण जळवांवर आहे : बारा प्रकार, सहा विषारी, सहा बिनविषारी. त्यात नावाचा उलगडाही दिलाय : 'जलमासामायुरिति जलायुकाः, जलमासामोक इति जलौकसः'. पाणी हेच जिचं आयुष्य ती जलायुका, पाणी हेच जिचं घर ती जलौका. वाचायला किती गोड आहे. पण एकाच नावाचे दोन उलगडे द्यावे लागले, तिथेच थांबायला हवं.

संस्कृतात 'जलूका' हेही रूप आहे, आणि फारसीत जळू म्हणजे 'ज़ालू'. ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेत 'गेले'. आता गुडघ्याचा शब्द शेजारी ठेवा : संस्कृत जानु, फारसी ज़ानू, वेल्श ग्लीन. सुरुवातीच्या व्यंजनाची तीच साखळी : ज, ज़, ग. जलूका, ज़ालू, गेले. म्हणजे हा शब्द भारतात 'जल'वरून बनलेला नाही, त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पाण्यात राहते म्हणून लोकांच्या कानाने त्यात 'जल' ऐकलं आणि जलूकेची जलौका झाली.

अनुस्वार
फारसीने तो संस्कृतकडून उचलला नसेल कशावरून?

तृणपर्ण
उचलला असता तर 'ज' तसाच राहिला असता. फारसीत 'ज' आहेच. 'जंगल' त्यांनी आपल्याकडूनच घेतला आणि तो 'जंगल'च राहिला, 'ज़ंगल' झाला नाही. शिवाय वेल्शचं काय करणार?

उकार
तृणपर्ण, हे फार छान मांडलंत. तिकडे कानाने वैद्य ऐकला, इकडे पाणी ऐकलं.

क्षारपड
बृहदारण्यक उपनिषदात 'तृणजलायुका' येते, गवताच्या पात्याच्या टोकाला जाऊन पुढचं पातं धरणारी. ती जळूच का?

तृणपर्ण
बरेच जण सुरवंट किंवा अळी घेतात. चाल मात्र जळूचीच आहे : पुढचं टोक टेकायचं, मागचं ओढून घ्यायचं, मधे कमान. नाव त्या चालीवरून दिलं असावं असं मला वाटतं.

निंबोणी
ऊ, लीख यांचंही सांगा ना. 'निटपिकिंग' म्हणजे लिखा वेचणंच ना?

शब्दवेध
हो, शब्दशः. आपली 'ऊ' यूकेपासून, 'लीख' लिक्षेपासून. कौटिल्याच्या मापांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव होतो. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे विषय फाटेल.

पानोपानी
धागा आत्ता वाचला. कामाचा प्रश्न आहे : जुन्या इंग्रजी मजकुराचं मराठी करताना 'लीच' आला की काय घ्यायचं? शब्दकोशात तर तीन-तीन नोंदी आहेत.

उकार
त्या तीन नोंदीच तुम्हाला वाट दाखवतील. मोठे कोश वैद्य, जळू आणि शीड यांना वेगळे क्रमांक देतात, कारण मुळं वेगळी धरली आहेत. आधी मजकुराचं साल बघा, मग शेजारचं क्रियापद. 'लीच' बोलावला, त्याने सांगितलं, त्याला पैसे दिले, असं असेल तर वैद्य. लावला, धरला, गळून पडला, असं असेल तर जळू. ओढला, सैल केला, तर शिडाची कड.

'लीचबुक'ला 'जळवांचं पुस्तक' अजिबात करू नका. दहाव्या शतकातलं 'बाल्डचं लीचबुक' म्हणजे वैद्यकीची पोथी आहे. त्यातल्या लसूण, कांद्याच्या जातीचं कंद, वाइन आणि बैलाचं पित्त पितळेच्या भांड्यात नऊ दिवस ठेवून केलेल्या डोळ्यांच्या औषधाने हट्टी जिवाणू मरतात, हे २०१५ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात तपासलं गेलं. 'लीचक्राफ्ट' म्हणजे वैद्यकी, 'लीचफिंगर' म्हणजे अनामिका.

पानोपानी
आणि 'हॉर्सलीच'?

अनुस्वार
त्याला दोन्ही अर्थ आहेत, म्हणून जपून. तबेला, नाल, आजारी घोडा असेल तर घोड्यांचा वैद्य. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र 'दे, दे' असं ओरडणाऱ्या दोन मुलींची आई म्हणून 'हॉर्सलीच' येते. हिब्रूत तिथे 'अलूका' आहे, वर आलेल्या अरबी 'अलक़'ची बहीण. तिथे जळूच घ्या.